बोअरचं जड पाणी आणि केस: काठिण्य ४८० आलंय, बाथरूमपुरता इलाज कोणता?

बी_विंग_वाघोली

सोसायटीच्या खालच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना दिला होता, त्याचा अहवाल असा (पीएच सोडून सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅम):

पीएच ७.६, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८६०, एकूण काठिण्य (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ४८०, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटची) ३१०, क्लोराइड १४०, लोह ०.१.

घरात चार माणसं. दोघींचे केस लांब, त्यातल्या एकीचे रंगवलेले. धुतल्यावर केस राठ लागतात, कंगव्याच्या दातांवर पांढरी भुकटी येते, शँपूला फेस येत नाही. बाथरूमच्या जाळीवर केसही बरेच दिसतात.

विचारायचं हे:
१. या पाण्याने केस गळतात का, की नुसते खराब होतात?
२. शॉवरला लावायचा फिल्टर (आत २०० मिलि रेझिन, म्हणजे काठिण्य धरून ठेवणारे बारीक दाणे), पाइपला बांधायचं चुंबक आणि १० लिटर रेझिनचा सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र), असे तीन पर्याय पुढे आलेत. यातलं खरंच काय चालेल?
३. घर भाड्याचं आहे. प्लंबिंगला हात न लावता बादलीतच काही करता येईल का?

---

रेझिन_आणि_मीठ

अहवाल पुरेसा आहे, त्यामुळे हिशेब मांडूनच बोलता येईल.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) काठिण्याची स्वीकार्य मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ४८० त्यात बसतं. पण ती मर्यादा पिण्यासाठी आहे, केसांचा विचार तिच्यात नाही.

तुमची अल्कलिनिटी ३१० आहे. म्हणजे ४८० पैकी ३१० काठिण्य बायकार्बोनेटचं, उकळल्यावर बरंचसं खाली बसणारं. राहिलेलं १७० सल्फेट-क्लोराइडचं, ते कितीही उकळलं तरी हलत नाही. शाळेत तात्पुरतं आणि कायमचं दुष्फेन पाणी शिकवतात ते हेच. गीझरमधून आलं म्हणून पाणी मऊ झालं असं धरू नका. ५०-६० अंशांना थोडाच भाग बसतो, तो कॉइलवर थर होऊन दिसतो. बादलीतलं पाणी जवळपास तितकंच जड राहतं.

आपल्याकडच्या काळ्या कातळात मुरलेलं पाणी वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. धरणाचं पाणी म्हणजे ताजं पावसाचं, त्याला खडकाशी इतका वेळ मिळत नाही. म्हणून पुण्यातच महापालिकेच्या नळाला भरपूर फेस येतो आणि पलीकडे बोअरच्या नळाला येत नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

चुंबक: पाण्यातून काहीच काढत नाही. कॅल्शियम जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर येतं, आणि केसाला ते तसंच भेटतं. पैसे घालू नका.

शॉवर फिल्टर: एक लिटर चांगलं रेझिन प्रत्यक्ष वापरात साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरतं. २०० मिलि म्हणजे १० ग्रॅम. तुमच्या एका लिटरमध्ये ०.४८ ग्रॅम आहे. १० भागिले ०.४८, म्हणजे सुमारे २० लिटर. एका आंघोळीतच ते रेझिन भरून जाईल, आणि पुढे सहा महिने नुसतं शोभेला लटकत राहील. काही फिल्टरांत रेझिन नसतंच. कार्बन, तांबं-जस्ताचे कण किंवा कॅल्शियम सल्फाइट असतं. ते क्लोरीन कमी करतं, काठिण्याला हातही लावत नाही. विकताना मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात. दुकानदाराला एवढंच विचारा: रेझिन किती मिलि आणि मिठाने परत ताजं करता येतं का?

१० लिटरचा सॉफ्टनर: हा खरा इलाज. ५०० ग्रॅम भागिले ०.४८, म्हणजे सुमारे १,०४० लिटर. थोडं हातचं राखून ९०० धरा. चौघांच्या आंघोळीला रोज १६० लिटर लागत असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी रेझिनला मीठ द्यावं लागेल. कपडे-भांडी त्यावर जोडलीत तर दोनच दिवसांत.

मीठ द्यायची रीत:
– आधी ५ ते १० मिनिटं उलटं पाणी सोडा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. रेझिन सैल होतं, अडकलेला गाळ निघून जातो.
– १५ लिटर पाण्यात दीड किलो मीठ पूर्ण विरघळवा. खडेमीठ असेल तर पातळ फडक्यातून गाळून घ्या, माती येते. बारीक मीठही चालतं, पण ते तळाशी दगडासारखं बसतं आणि नळी तुंबते.
– हे मिठाचं पाणी रेझिनमधून हळू जाऊ द्या, २० ते ३० मिनिटं. घाई इथेच होते. पाच मिनिटांत ओढून घेतलं तर अर्धं मीठ फुकट जातं आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा जड.
– तितक्याच संथपणे साध्या पाण्याने धुवा, मग जोरात धुवा. जिभेला खारट लागेनासं झालं की वापरायला सुरुवात.

काय बिघडतं? बायपासची (सॉफ्टनर टाळून पाणी थेट नेणाऱ्या वाटेची) चावी थोडी उघडी राहते आणि जड पाणी मऊ पाण्यात मिसळतं. मिठाचं पाणी ओढून घेणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक भोकात कण अडकतो, मिठाच्या टाकीतली पातळी खाली जातच नाही. तिसरं म्हणजे लोह: रेझिनचा दाणा मोहरीपेक्षाही बारीक, मधाच्या रंगाचा आणि बऱ्यापैकी पारदर्शक असतो. चिमटीत धरून पाहिल्यावर तो तपकिरी, अपारदर्शक झालेला असेल तर लोह बसलंय. तुमचं ०.१ आहे, ती भीती नाही.

सॉफ्टनर चालतोय की नाही हे टीडीएस मीटरवर कळत नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि एकूण क्षार तेवढेच राहतात. त्यासाठी काठिण्याचं थेंब मोजायचं किट घ्या: लालसर झालेलं पाणी निळं व्हायला किती थेंब लागतात ते मोजायचं. बाहेर येणारं पाणी ५० च्या खाली हवं.

तुमच्या आकड्यांवर मऊ पाण्यात लिटरला सुमारे २२० मिलिग्रॅम सोडियमची भर पडेल. ते पिऊ नका, कुंड्यांना घालू नका. मीठ देताना निघालेलं पाणी तर झाडांच्या आसपासही नको.

---

केशमूळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते.

केस जिथे तयार होतो ते मूळ त्वचेखाली ३-४ मिलिमीटर खोल असतं. बादलीतलं कॅल्शियम तिथवर पोचत नाही. जड पाणी काम करतं ते बाहेर आलेल्या, निर्जीव केसावर. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे धन भाराचे कण त्याला चिकटतात. रंगवलेल्या आणि ब्लीच केलेल्या केसांत हा ऋण भार जास्त असतो, म्हणून त्यांच्यावर थरही जास्त बसतो. थर बसला की केसावरचे बारीक खवले सपाट राहत नाहीत, केस केसाला अडकतो, गुंता होतो, आणि विंचरताना तुटतो. नुसत्या जड पाण्याने केसाची ताकद किती घटते याच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. पण गुंता आणि ओढाताण यांनी केस तुटतो, यात वाद नाही.

तेव्हा जाळीवरचे केस गळलेत की तुटलेत ते आधी पाहा. धुतल्यानंतर २०-२५ केस उचला, वाळवा आणि काळ्या कागदावर एकेक ठेवा. गळलेल्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरी गाठ असते. पूर्ण लांबीचा केस आणि टोकाला गाठ, म्हणजे मुळापासून गळाला. आखूड तुकडा आणि दोन्ही टोकांना गाठ नाही, म्हणजे तुटला. आणखी एक खूण: एक केस चिमटीत धरून बोट टोकाकडून मुळाकडे सरकवा. त्या दिशेने थोडं खरखरीत लागणं स्वाभाविक आहे, पण मुळाकडून टोकाकडेही खरखरीत लागत असेल तर थर बसलाय.

बहुतेक तुकडे असतील तर पाण्याचे उपाय करा, फरक दिसेल. बहुतेक गाठीवाले असतील तर पाणी बदलून उपयोग नाही. दिवसाला ५० ते १०० केस जाणं साधारण मानतात, आणि तीन दिवसांनी डोकं धुतलं तर मधले अडकलेलेही त्याच दिवशी खाली येतात, त्यामुळे एका दिवसाची जाळी पाहून घाबरू नये. मात्र भांग रुंद होत असेल, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक डाएट झालं असेल, तर कारण तिथे आहे. नव्या घरात आल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेल्या गळतीचा दोष पाण्यावर जातो तो याच अंतरामुळे. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या सहसा तेच सांगतील. कमतरता तपासल्याशिवाय लोहाच्या किंवा बायोटिनच्या गोळ्या सुरू करू नका. बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडेही चुकतात.

आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तुटलेली टोकं कुठल्याही पाण्याने जुळत नाहीत, ती कापावीच लागतात.

---

तांब्याभर_पाणी

तिसरा प्रश्न. बादलीतच बरंच साधतं.

साबण बंद. वडी कुठलीही असो, ‘शिकेकाई’ असं नाव असलेलीसुद्धा, ती साबणच. जड पाण्यात साबण दूध फाटावं तसा फाटतो आणि जो साका तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही, केसावर बसतो. कंगव्यावरच्या पांढऱ्या भुकटीत त्याचा मोठा वाटा असू शकतो. हिशेबाने ४८० काठिण्याचं एक लिटर पाणी जवळपास ३ ग्रॅम साबण असाच फुकट घालवतं, फेस त्यानंतर. डोक्याला तेल असेल तर साका आणि तेल मिळून चिकट लेप होतो. शँपूमधली द्रव्यं अशी फाटत नाहीत.

खरी शिकेकाई चालते, कारण तिचा फेस सॅपोनिनचा (शेंगेतल्याच फेसाळ द्रव्याचा), साबणाचा नव्हे. खांद्यापर्यंतच्या केसांना २० ग्रॅम पूड, ३०० मिलि पाणी, मंद आचेवर ५-७ मिनिटं, मग मलमलीतून गाळणं. न गाळता थेट पूड चोळली की तिचे कण केसांत अडकतात आणि पुन्हा गुंता.

पंधरवड्यातून एकदा क्षार काढणारा शँपू. बाटलीवर कीलेटिंग असं लिहिलेलं असतं आणि घटकांत ईडीटीए, सोडियम ग्लुकोनेट किंवा फायटिक ॲसिडपैकी काही असतं. ईडीटीए साध्या शँपूतही असतं, पण चिमूटभर, बाटलीतला माल टिकावा म्हणून. तेवढ्यावर विसंबू नका. ३ ते ५ मिनिटं केसांवर ठेवा, मग धुवा आणि कंडिशनर लावाच. दर धुण्याला वापरलात तर केस भुरभुरीत होतील आणि रंगही लवकर उतरेल.

आंबट पाण्याचा हात. दर वेळी शँपूनंतर, कंडिशनरच्या आधी. यात माप महत्त्वाचं, म्हणून अंदाजपंचे नको. २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण २०० मिलि करा आणि काचेच्या बाटलीत भरा. औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने १० मिलि घेतलं की बरोबर १ ग्रॅम. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांनी नवं करा, नाहीतर बुरशीचे धागे धरतात.

– तुमच्या बोअरच्या १ लिटर पाण्यात १० मिलि घाला. अल्कलिनिटी ३१० असल्यामुळे बरंचसं आम्ल पाण्यातच खर्च होतं आणि पीएच साधारण ४.३ वर येऊन थांबतो. केसांना हवा तेवढाच.
– हेच १० मिलि १ लिटर आरओच्या पाण्यात घातलं तर पीएच ३ च्याही खाली जातो. तिथे आम्ल खाणारं काही नसतं. आरओचं पाणी घेतलं तर १ ते २ मिलि पुरे.

बऱ्याच ठिकाणी ‘एक चमचा एक मग पाण्यात’ असं सांगतात आणि पाणी कुठलं ते विचारतच नाहीत. टाळू चुरचुरते ती त्यामुळे. सायट्रिक ॲसिड नसेल तर १५ मिलि पांढरं व्हिनेगर तुमच्याच १ लिटर पाण्यात, पीएच ४.७ च्या आसपास येतो. लिंबू थेट टाळूवर पिळू नका. डोळे मिटलेले हवेत आणि टाळूवर जखम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा.

दोन मिनिटं थांबून कंडिशनर, आणि शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा. लांब केसांना दीड-दोन लिटर लागतं. केस वाळताना त्यावर राहतं ते शेवटचं पाणी, आणि क्षार सुकतात ते त्यातलेच. आधीच्या दहा तांब्यांपेक्षा हा एक तांब्या जास्त काम करतो.

---

लाल_माती

कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी भर. वरचं सगळं तिकडे लावू नका. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊच असतं, पीएच ६ च्या आसपास. तिथला त्रास लोहाचा. उपसताना पाणी नितळ दिसतं आणि तासाभरात बादलीत पिवळसर होतं. लोह ०.३ च्या वर गेलं की कपड्यांवर डाग पडू लागतात, आणि पिकलेले किंवा हलक्या रंगाचे केस तांबूस दिसतात.

घरच्या घरी खूण पाहायची तर कपभर पाण्यात थोडा कोरा चहा ओता. लोह भरपूर असेल तर रंग शाईसारखा काळवंडतो. शिकेकाई-आवळ्याचं पाणी काळंभोर होतं ते याच कारणाने, त्यात भेसळ नसते.

इलाज: पाणी टाकीत उंचावरून, झारीसारखं फवारत सोडा म्हणजे हवा मिसळते. रात्रभर बसू द्या, तोटी तळापासून वीतभर वर ठेवा आणि गाळ आठवड्याला काढा. पीएच कमी असेल तर लोह बसायला वेळ लागतो, मग चुनखडीच्या खड्यांचा थर असलेला फिल्टर लागतो.

तांब्याच्या बंबात असं आम्लधर्मी पाणी रात्रभर राहिलं असेल तर सकाळचं पहिलं पाणी केसांना घेऊ नका, त्यात तांबं उतरतं. पोहण्याच्या तलावात हलके केस हिरवट होतात तेही तांब्याने, शेवाळनाशकातल्या. क्लोरीनने नव्हे.

---

पूर्णाकाठ

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात सॉफ्टनर घेऊ नका. तिथल्या भूजलात मीठच जास्त आहे, सॉफ्टनर मीठ काढत नाही, उलट सोडियम वाढवतो. तिथे आरओ किंवा पावसाचं पाणी. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या, मग पत्र्याचं पाणी फडक्यातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये भरा. केसांच्या शेवटच्या धुण्याला आठवड्याला ४ लिटर धरले तर २०० लिटरचा एक ड्रम एका माणसाला जवळपास वर्षभर पुरतो.

---

बी_विंग_वाघोली

सगळ्यांचे आभार. केस तपासले: २४ पैकी १७ तुकडे, ७ गाठीवाले. दोन शंका. आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही आंघोळीच्या बादलीत घेतो, ते चालेल का? आणि पाण्यात तुरटी फिरवली तर काठिण्य उतरेल का?

---

रेझिन_आणि_मीठ

आरओचं टाकाऊ पाणी केसांना अजिबात नको. १० लिटर आत गेले आणि ३ लिटर शुद्ध निघाले, तर त्या १० लिटरमधले जवळपास सगळे क्षार उरलेल्या ७ लिटरमध्ये येतात. तुमचं ४८० तिथे ६८० च्या घरात गेलेलं असेल. फरशी आणि संडासाला वापरा.

तुरटीने गढूळपणा बसतो, काठिण्य नाही. बायकार्बोनेटची जागा सल्फेट घेतं, म्हणजे उकळून गेलं असतं तेही कायमचं होऊन बसतं.

टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडर किती घालतात तेही सोसायटीत एकदा विचारा. हजार लिटरला ६ ते ८ ग्रॅम पुरते, त्यातून २ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतं. मुठीने टाकली की दोन दिवस पाण्याला उग्र वास येतो आणि रंगवलेले केस फिके पडतात. तसा वास आला तर २० लिटरच्या बादलीत १०० मिलिग्रॅम साधं क जीवनसत्त्व विरघळवा, दोन मिनिटांत क्लोरीन संपतं.

---

तांब्याभर_पाणी

१७ तुकडे म्हणजे क्रम सोपा झाला, ताई. या रविवारी क्षार काढणारा शँपू एकदा, मग चार आठवडे दर धुण्याला १० मिलि सायट्रिक, कंडिशनर आणि शेवटी आरओचा तांब्या. केस ओले असताना रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून सुरुवात करून वर. चार आठवड्यांनी पुन्हा २४ केस काळ्या कागदावर ठेवा. तुकडे निम्म्यावर आले असतील तर भाड्याच्या घरात सॉफ्टनरचा खर्च करू नका.